लॉ करून मुलं पुढं काय करतात, हे कॉलेजनं छापून द्यायला पाहिजे

कुठल्याही लॉ कॉलेजची वेबसाइट उघडा. फी किती ते कळतं, सीट्स किती ते कळतं, लायब्ररीत पुस्तकं किती आहेत, मूट कोर्टचा, म्हणजे सरावाच्या नकली कोर्टाचा हॉल कसा दिसतो, प्राचार्यांचं मनोगत, पाहुण्यांबरोबरचे फोटो, सगळं मिळतं. फक्त गेल्या वर्षी इथून पास झालेली मुलं आज काय करतायत, महिन्याला त्यांच्या हातात काय पडतं, किती जणांनी वकिलीची सनद घेतली आणि किती जणांनी लॉचा नादच सोडला, हे कुठंच लिहिलेलं नसतं. फार तर दोन-चार हसरे चेहरे असतात, अमुक जज झाली, तमुक मोठ्या फर्ममध्ये लागला. उरलेल्यांचं काय झालं ते कुणी विचारत नाही आणि कॉलेजही सांगत नाही.

मला हे अतिशय गंभीर वाटतं. तीन किंवा पाच वर्षं आणि घरातली बरीच पुंजी घालणाऱ्या पोराला आणि त्याच्या आईबापांना हा आकडा ॲडमिशनच्या आधी कळायला पाहिजे आणि तो सांगायचं बंधन वकिली आणि लॉ शिक्षणाचे नियम करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियानं प्रत्येक कॉलेजवर घालायला पाहिजे, मान्यतेची अट म्हणून. मी स्वतः जिल्हा कोर्टात वकिली करतो, दरवर्षी नवीन मुलं ऑफिसात येताना आणि त्यातली बरीचशी काही महिन्यांनी गळताना बघतो, म्हणून हे पोटतिडकीनं लिहितोय.

आपल्याकडं लॉ पदवीधरांची बेकारी दिसत नाही, त्याला कारण आहे. इंजिनिअरिंगचा पोरगा पास होऊन घरी बसला की तो बेकार आहे हे गल्लीला कळतं. लॉचा पोरगा पास झाला की सनद काढतो, काळा कोट शिवतो, घरावर पाटी लागते, आणि त्या दिवसापासून तो 'प्रॅक्टिस करतो'. त्याला महिन्याला शून्य रुपये मिळत असले तरी तो प्रॅक्टिस करतो. कॉलेजला विचारलं तर तेही हेच सांगणार, आमची बहुतेक मुलं प्रॅक्टिस करतात. नातेवाईकही हेच सांगतात. तो स्वतःही हेच सांगतो कारण दुसरं काही सांगायला त्याला लाज वाटते. त्यामुळं कुठल्याच बेकारांच्या यादीत त्याचं नाव येत नाही आणि पुढच्या वर्षीची मुलं त्याच रांगेत येऊन उभी राहतात.

आता ही प्रॅक्टिस म्हणजे पहिल्या वर्षी नेमकं काय असतं ते सांगतो. सकाळी साडेदहाच्या आत कोर्टात पोचायचं, बोर्ड म्हणजे त्या दिवसाच्या केसेसची यादी बघायची, सिनियरची, म्हणजे ज्यांच्या हाताखाली शिकतो त्या वकिलांची सात-आठ मॅटर चार वेगवेगळ्या कोर्टांत लागलेली असतात तर प्रत्येक ठिकाणी जाऊन कुठला नंबर चालू आहे ते बघून ठेवायचं, पुकारा झाला आणि सिनियर दुसरीकडं अडकले असतील तर उभं राहून पास ओव्हर मागायचा, म्हणजे मॅटर थोड्या वेळानं घ्या म्हणायचं, पक्षकार आला नसेल तर गैरहजेरी माफीचा अर्ज हातानं लिहून द्यायचा, रोजनाम्यात काय लिहिलंय ते बघून पुढची तारीख डायरीत टिपायची. मधल्या सुट्टीत नक्कल विभागात जाऊन गेल्या आठवड्यात टाकलेल्या नकलेच्या अर्जाचं काय झालं ते विचारायचं, तिथं उद्या या म्हणतात, ई-फायलिंगला ऑब्जेक्शन निघालं असेल तर ते काढायचं. संध्याकाळी ऑफिसला, तिथं पक्षकार बसलेले असतात, त्यांची हकीकत ऐकायची, नोटिसीचा कच्चा ड्राफ्ट करायचा, सायटेशन म्हणजे जुन्या निकालांचे दाखले शोधायचे, आठ-साडेआठला सुटायचं. हे सगळं काम खरं आहे, कोर्ट याच्यावर चालतं, हे करणारं कुणी नसेल तर सिनियर एका दिवसात दोन कोर्टं पण करू शकणार नाही. आणि या कामाचे पैसे किती, तर बऱ्याच ऑफिसांत पहिलं वर्षभर काहीच नाही, नाहीतर सिनियरच्या मनाला येईल तेव्हा पाचशे-हजार, दिवाळीला एखादं पाकीट. गाडीत पेट्रोल बापाच्या पैशानं.

विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेनं २०२० मध्ये सात हायकोर्टांतल्या वकिलांकडून माहिती घेतली होती, त्यात दोन वर्षांपेक्षा कमी प्रॅक्टिस असलेल्यांतले सुमारे ७९ टक्के वकील महिन्याला १० हजारांच्या आत कमावत होते. हे हायकोर्टाचं झालं, म्हणजे जिथं पैसा आहे असं आपण समजतो तिथलं. तालुका कोर्टात काय असेल याचा अंदाज ज्याचा त्यानं करावा.

बरं, या पोरानं म्हटलं की ठीक आहे, सिनियर पैसे देत नाहीत तर मी दुसरीकडं काम करून पोट भरीन आणि सोबत वकिली शिकेन, तर तेही चालत नाही. बार कौन्सिलच्या नियमांत वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, करायची असेल तर सनद स्थगित करून ठेवावी लागते. जाहिरातही करता येत नाही, नियम ३६ आहे, पाटी किती मोठी असावी इथपर्यंत बंधनं आहेत. या नियमांमागं विचार आहे, वकिली हा धंदा होऊ नये हा विचार मला मान्यही आहे. पण तुम्ही नोकरी करू नकोस म्हणता, जाहिरात करू नकोस म्हणता आणि स्टायपेंडची हमीही देत नाही, तर मग त्या मुलानं जगायचं कशावर? बापाच्या पैशावर, एवढंच उत्तर उरतं. ज्याचा बाप वकील आहे त्याला यातलं काहीच टोचत नाही, त्याच्याकडं ऑफिस आहे, पुस्तकं आहेत, पक्षकार आहेत. ज्याचा बाप शेतमजूर आहे, रिक्षा चालवतो, ज्याच्या घरात पहिला पदवीधर तो स्वतः आहे, तो दीड वर्षात गळतो. आणि मग आपण परिसंवादांतून चर्चा करतो की न्यायव्यवस्थेत ठरावीक घराण्यांचीच माणसं का दिसतात.

मुलींचं तर आणखी अवघड. लॉच्या वर्गात आज बऱ्याच ठिकाणी निम्म्या मुली दिसतात, पण कायदा मंत्रालयानं २०२२ च्या सुमाराला संसदेत दिलेल्या आकड्यांत देशातल्या नोंदणीकृत वकिलांत बायका १५ टक्क्यांच्या आसपासच होत्या. माझ्या माहितीतली एक मुलगी, ड्राफ्टिंगला अतिशय चांगली, दिवाणी दाव्यातलं म्हणणं असं नेटकं लिहायची की सिनियर फक्त सही करायचे, तिला घरून वर्षभर मुदत मिळाली होती. वर्ष संपलं तेव्हा सांगण्यासारखी मिळकत नव्हती, लग्न ठरलं, आता ती एका पतसंस्थेत वसुली विभागात नोटिसा पाठवते. तिच्या कॉलेजच्या हिशोबात ती काय म्हणून मोजली गेली असेल? बहुतेक मोजलीच गेली नसेल.

आता गेल्या दोन-तीन वर्षांत या विषयावर बरंच काही घडलंय, ते सगळं एकत्र ठेवून बघितलं तर माझा मुद्दा नीट समजेल.

चांगलं आधी. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टानं गौरव कुमार केसमध्ये सांगितलं की राज्य बार कौन्सिलना ॲडव्होकेट्स ॲक्टमधल्या कलम २४ पेक्षा जास्त नोंदणी फी घेता येणार नाही, म्हणजे खुल्या वर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. त्याआधी ओडिशात ४२,१०० रुपये लागायचे, गुजरातमध्ये २५ हजार. जिथं पहिल्या वर्षी कमाई शून्य आहे तिथं दारातच एवढे पैसे मागणं हा अन्यायच होता, तो थांबला हे फार बरं झालं. त्याच्यावर एआयबीई म्हणजे ऑल इंडिया बार एक्झामची साडेतीन हजारांची फी आहेच, पण ते असू दे.

मग ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं परिपत्रक काढलं की ज्युनिअरला शहरात महिन्याला किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार स्टायपेंड द्यावा, निदान तीन वर्षं. त्याच वर्षी जूनमध्ये मद्रास हायकोर्टानंही साधारण असंच म्हटलं होतं. ऐकायला छान वाटतं. पण परिपत्रक ही शिफारस आहे, सक्ती नाही, आणि खरं सांगायचं तर सक्ती करता येण्यासारखी ती गोष्टच नाही. माझ्या कोर्टात असे सिनियर आहेत ज्यांचं वय पन्नाशीच्या पुढं आहे आणि ज्यांची स्वतःची महिन्याची कमाई तीस-पस्तीस हजारांच्या वर जात नाही, चेक बाउन्सची मॅटर, पोटगीची मॅटर, बांधाच्या भांडणाचे मनाई हुकूम, यावर त्यांचं ऑफिस चालतं. ते १५ हजार कुठून देणार? त्यांच्यावर सक्ती केली तर ते ज्युनिअर ठेवणंच बंद करतील. ज्यांना देणं सहज परवडतं, ज्यांची एका हजेरीची फी लाखांत आहे, त्यांनी द्यायलाच पाहिजे आणि त्यांनी न देणं ही सरळ पिळवणूक आहे, पण सगळ्या सिनियरना एका मापानं मोजून उपयोग नाही.

आणि मग २० मे २०२५ चा निकाल. सुप्रीम कोर्टानं सिव्हिल जज ज्युनिअर डिव्हिजनच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवरच्या न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षं प्रॅक्टिसची अट परत आणली, जी २००२ मध्ये काढली होती. बार एक्झामच्या आधी होणाऱ्या प्रोव्हिजनल नोंदणीपासून तीन वर्षं मोजायची, न्यायाधीशांकडं लॉ क्लर्क म्हणून केलेलं काम धरायचं. या निकालामागचं कारण मला पटतं. ज्यानं कधी पक्षकार बघितला नाही, उलटतपास ऐकला नाही, त्या तेवीस वर्षांच्या मुलानं डायसवर बसून जामिनाचे निर्णय करू नयेत, हे बरोबरच आहे. पण परिणाम बघा. कॉलेजातली हुशार पण घरची गरीब मुलं जेएमएफसीच्या, म्हणजे याच न्यायाधीशपदाच्या परीक्षेकडं डोळे लावून असायची, कारण पास झाल्याझाल्या पगार सुरू होणारी तीच एक सन्मानाची जागा होती. आता त्यांना आधी तीन वर्षं त्याच बिनपगारी रांगेत उभं राहायचंय. वर पुरावा म्हणून कोर्टाच्या प्रमुख न्यायाधीशांचं सर्टिफिकेट लागणार, नाहीतर दहा वर्षं प्रॅक्टिस झालेल्या वकिलाचं आणि त्याला प्रमुख न्यायाधीशांचं एंडॉर्समेंट. म्हणजे बरेचदा जो सिनियर पैसे देत नाही त्याच्याच सहीवर मुलाचं जज होणं अवलंबून. अशा वेळी तो मुलगा स्टायपेंड मागायला तोंड उघडेल का? शिवाय त्याचं नावही अनेकदा वकालतनाम्यावर, म्हणजे वकीलपत्रावर नसतं, तर स्वतःच्या हिमतीवर हजेरीचा पुरावा गोळा करायचा तरी कसा. चांगला निकाल चुकीच्या जमिनीवर पडला की असं होतं, आधी ज्युनिअरच्या पोटाची सोय व्हायला पाहिजे होती आणि मग ही अट.

माझ्या मते ही सोय राज्य सरकारनं करायला पाहिजे, आणि ते जगावेगळं नाहीये. आंध्र प्रदेशानं २०१९ मध्ये लॉ नेस्तम योजना काढली, नवीन वकिलाला पहिली तीन वर्षं महिन्याला ५ हजार. केरळनं २०२१ च्या नियमांत कमी उत्पन्न असलेल्या ज्युनिअरांना ५ हजारांपर्यंत स्टायपेंड ठेवला. ५ हजारांत घर चालत नाही हे मलाही कळतं, पण पेट्रोल, खोलीचं अर्धं भाडं आणि जेवणाचा डबा एवढं निघालं तरी गळती कमी होईल. महाराष्ट्रात आपण प्रत्येक वकालतनाम्यावर वेल्फेअर फंडाचं तिकीट लावतो, कोर्ट फीतून सरकारला पैसा येतो, त्यातून काहीतरी या मुलांकडं वळवणं अशक्य नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचा सर्किट बेंच सुरू झाला, सहा जिल्ह्यांच्या मॅटरसाठी मुंबईला जायची गरज राहिली नाही, तिथल्या आणि आजूबाजूच्या ज्युनिअरना हायकोर्टाचं काम घराजवळ दिसायला लागलंय, ही फार मोठी गोष्ट झाली. पण काम जवळ आलं म्हणून पैसे आपोआप जवळ येत नाहीत.

पण कुठलीही योजना करायची तर आधी आकडा पाहिजे. किती मुलं दरवर्षी पास होतात, किती सनद घेतात, तीन वर्षांनी किती कोर्टात टिकलेली असतात? आणि इथं मी परत कॉलेजांकडं येतो.

अमेरिकेत हाच प्रश्न २०१० च्या आसपास पेटला होता. तिथली लॉ स्कूलं जाहिरात करायची की आमचे ९० टक्के पदवीधर कामाला लागले, आणि त्या टक्क्यांत कुठलंही काम धरलेलं असायचं, अर्धवेळ, तात्पुरतं, कायद्याशी संबंध नसलेलं. काही ठिकाणी तर शाळेनंच आपल्या मुलांना थोड्या महिन्यांसाठी कामावर घ्यायचं आणि आकडा वाढवायचा असं चाललं होतं. व्हँडरबिल्टच्या विद्यार्थ्यांनी २००९ मध्ये लॉ स्कूल ट्रान्स्परन्सी नावाची संस्था काढली आणि आकडे मागायला सुरुवात केली, २०११ पासून पदवीधरांनी लॉ स्कूलांवर दावे लावले. दावे बहुतेक हरले, सॅन डिएगोतल्या एका पदवीधर मुलीचा दावा २०१६ मध्ये ज्युरीसमोर चालला आणि तीही हरली. पण दाव्यांत जे मिळालं नाही ते नियमांत मिळालं. अमेरिकन बार असोसिएशननं प्रत्येक लॉ स्कूलला सक्ती केली की पदवीनंतर दहा महिन्यांनी तुमची मुलं कुठं आहेत ते एका ठरलेल्या फॉर्ममध्ये वेबसाइटवर टाका, त्यात पूर्णवेळ किती, अर्धवेळ किती, वर्षभराच्या वरचं काम किती, ज्याला वकिलीचं लायसन्स लागतं असं काम किती, शाळेच्या पैशावर चालणारी जागा किती, काम शोधतायत ते किती, आणि ज्यांचा पत्ताच लागत नाही ते किती, सगळं वेगवेगळं. आधी तिथं पहिल्या वर्षाला ५२ हजारांवर मुलं प्रवेश घेत होती, २०१४ पर्यंत तो आकडा ३८ हजारांच्या आसपास आला. मंदीमुळंही आला हे खरं, पण मुलांना कळायला लागलं हेही तितकंच खरं. ज्यांना खरंच वकील व्हायचं होतं ती आली, जी दुसरं काही सुचत नाही म्हणून येत होती ती थांबली.

आपल्याकडं असं काहीच नाही का? थोडंसं आहे. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या कॉलेजांच्या रँकिंगमध्ये २०१८ पासून लॉची वेगळी यादी असते आणि भाग घेणाऱ्या संस्थांना किती मुलं प्लेस झाली, मीडियन पगार किती, हे भरून द्यावं लागतं. पण बार कौन्सिलच्या सांगण्याप्रमाणं देशात सुमारे २,००० लॉ कॉलेजं आहेत आणि त्या यादीत रँक मिळते चाळीसच्या आसपास संस्थांना. तेही आकडे कॉलेजनं स्वतः भरलेले, आणि मीडियन पगार हा ज्यांना नोकरी लागली त्यांचाच, ज्यांना लागली नाही त्यांचं शून्य त्यात धरलेलं नसतं. त्यामुळं होतं काय की बंगळुरू, हैदराबाद, कोलकाता इथल्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीतल्या मुलांना मोठ्या फर्मकडून मिळणारी १५-२० लाखांची पॅकेजेस पेपरात येतात, कुठल्यातरी तालुक्याच्या गावातला बाप ते वाचतो आणि आपल्या पोराला जवळच्या, तीन खोल्यांत चालणाऱ्या कॉलेजात घालतो. पदवी दोघांची एकच, बीए एलएलबी. बाजारात तिची किंमत एक नाही हे त्याला पाच वर्षांनी कळतं. त्या बापाला कुणी फसवलं असं नाव घेऊन सांगता येणार नाही, पण तो फसला आणि माहिती लपून राहिली म्हणून फसला.

ऑगस्ट २०२५ मध्ये बार कौन्सिलनं तीन वर्षं नवीन लॉ कॉलेजांना बंदी घातली. चांगलं केलं, दर्जा घसरला हे त्यांनीच मान्य केलं. पण जी दोन हजार चालू आहेत त्यांतलं कुठलं चांगलं चाललंय आणि कुठलं फक्त हजेरीपट भरतंय, हे ओळखायची कसोटी काय? इमारत, लायब्ररी, शिक्षकांची संख्या, हे तपासायला कमिटी येते त्या दिवशी सगळं जागेवर असतं, उसने आणलेले शिक्षकही असतात. पास झालेली मुलं तीन वर्षांनी कुठं आहेत हा आकडा मात्र एका दिवसापुरता उसना आणता येत नाही.

प्राचार्यांशी बोललं की ते म्हणतात, हे शक्य नाही हो, मुलं निघून जातात, नंबर बदलतात, आम्ही कुणाकुणाला शोधणार. मला हे पटत नाही. माजी विद्यार्थी मेळाव्याला वर्गणी मागायची असते तेव्हा नंबर सापडतात. शिवाय निम्मं काम बार कौन्सिलकडं आधीच झालेलं आहे, नोंदणीच्या अर्जात कॉलेजचं नाव असतं, पास झाल्याचं वर्ष असतं, एआयबीई कोण पास झालं त्याची यादी त्यांच्याकडंच आहे. कोर्टांच्या ई-कोर्ट्स वेबसाइटवर तर वकिलाच्या नावानं किंवा नोंदणी क्रमांकानं केसेस शोधता येतात. कॉलेजवार किती जणांनी सनद घेतली आणि किती जण बार एक्झाम पास झाले एवढं तर ते उद्या सकाळी जाहीर करू शकतात, त्याला नवीन कायदा नको आणि नवीन कमिटी नको.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे आणि तो नीट ऐकला पाहिजे. तीन वर्षांच्या लॉला, त्यातही सकाळच्या कॉलेजांत, वर्गात बसलेले सगळे वकील व्हायला आलेलेच नसतात. पोलीस असतात, बँकेतले असतात, महसूल खात्यातले असतात, प्रमोशनला उपयोगी म्हणून किंवा नुसती आवड म्हणून लॉ करणारे असतात, निवृत्त शिक्षक असतात. त्यांना सनद न घेतल्याबद्दल कॉलेजच्या नावावर अपयश म्हणून टाकणं चूक होईल. मान्य. म्हणूनच मला एकच टक्का नको आहे, सगळे रकाने वेगवेगळे पाहिजेत. ॲडमिशनच्या आधीपासून नोकरीत होते ते किती. सनद घेऊन कोर्टात आहेत आणि त्यांना महिन्याला काहीतरी ठरलेली रक्कम मिळते ते किती, कोर्टात आहेत पण काहीच मिळत नाही ते किती, हे दोन रकाने तर वेगळे पाहिजेतच, सगळं दुखणं तिथंच आहे. कंपनीत, बँकेत, फर्ममध्ये पगारावर आहेत ते किती, सरकारी अभियोक्ता किंवा लीगल एडच्या डिफेन्स काउन्सेल ऑफिसात आहेत ते किती, परीक्षांची तयारी करतायत ते किती, एलएलएम करतायत ते किती, दुसऱ्याच क्षेत्रात गेले ते किती. आणि हे एकदा दहा-बारा महिन्यांनी आणि एकदा तीन वर्षांनी, कारण वकिलीत पहिल्या वर्षाचा आकडा सगळ्यांचाच वाईट असणार, खरा फरक तिसऱ्या वर्षी दिसतो.

याला घाबरायचं कारण चांगल्या कॉलेजला नाही. जिथं इंटर्नशिप खरंच करून घेतात, नियमाप्रमाणं तीन वर्षांच्या कोर्सला बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला वीस आठवडे आहेत ते कागदावर न ठेवता मुलांना खरोखर ट्रायल कोर्टात बसवतात, जिथं प्लेंट म्हणजे दाव्याचा अर्ज लिहायला शिकवतात, त्यांची मुलं सिनियरला पहिल्या महिन्यापासून उपयोगी पडतात आणि असा ज्युनिअर टिकावा म्हणून सिनियर काहीतरी देतोच, हे मी स्वतः बघितलंय, माझ्या ऑफिसातही हेच होतं. सर्टिफिकेट कुणाच्या तरी ओळखीनं आणून फाइलला लावणारी मुलं येतात तेव्हा त्यांना वकालतनामा कसा भरायचा इथून सुरुवात करावी लागते. हा फरक कॉलेजचा आहे आणि तो आकड्यात उतरला तर चांगल्या, पण नाव नसलेल्या गावाकडच्या कॉलेजांनाच त्याचा सगळ्यात जास्त फायदा होईल.

आम्हीही फुकट शिकलो, वकिली ही तपश्चर्या आहे, पहिली पाच वर्षं पैशाचं नाव काढायचं नसतं, असं बाररूममध्ये अजून ऐकायला मिळतं. ज्यांनी ते सोसलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण जे सोसू शकले नाहीत ते आज त्या बाररूममध्ये नाहीतच, त्यांचं म्हणणं ऐकणार कुठून? आणि तेव्हा सरकारी कॉलेजची फी नाममात्र होती, आता पाच वर्षांच्या कोर्सला खाजगी ठिकाणी लाखांत जाते, बऱ्याच घरांत शैक्षणिक कर्ज आहे, त्याचा हप्ता कोर्स संपल्यावर सुरू होतो आणि बँक तपश्चर्या धरत नाही.

बार कौन्सिल हे स्वतःहून कधी करेल मला माहीत नाही, पण तोपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही. सरकारी लॉ कॉलेजं, राष्ट्रीय विधी विद्यापीठं आणि खुद्द राज्य बार कौन्सिल माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एका विषयावर करायचा असतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तर तीस दिवसांत यायला पाहिजे. बार कौन्सिलला विचारा की मागच्या पाच वर्षांत अमुक कॉलेजच्या किती पदवीधरांनी नोंदणी केली, वर्षवार. कॉलेजला विचारा की त्याच पाच वर्षांत शेवटच्या वर्षातून पास किती झाले, वर्षवार. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली की निदान पहिला रकाना भरता येतो, आणि ज्यांच्या घरात पुढच्या वर्षी कुणी लॉची सीईटी देणार आहे त्यांनी हा अर्ज आत्ताच टाकावा, म्हणजे प्रवेशाच्या कॅप राउंडला कॉलेजांचे ऑप्शन भरायच्या आधी उत्तर हातात असेल. लॉच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलांनी तर आपापल्या बॅचची यादी स्वतःच करायला घ्यावी, व्हॉट्सॲप ग्रुप आहेच, नावं न टाकता नुसते रकाने भरायचे आणि ज्युनिअर बॅचला द्यायचे.